भाल्यापासून सुईपर्यंत

तसं बघायला गेलं तर काम अगदी किरकोळ होतं. बुधवारी सकाळी मोजणीताई हातमोज्यांचे दोन खोके आणायला हॉस्पिटलच्या तळघरातल्या स्टोअरमध्ये उतरली, एवढंच. खोके घ्यायचे, वहीत सही करायची आणि वर यायचं. पण तोंड गप्प बसेल तर शपथ! खोके उचलता उचलता ती बोलून गेली, "शास्त्रीबुवा, काल दुपारी काय विचित्र स्वप्न पडलं हो मला." आणि मग पुढचे पाच दिवस तिच्या जिवाला चैन म्हणून राहिली नाही.

मोजणीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून एकेक अवजार त्यांच्या हातात देणारी सिस्टर ती. कात्र्या, चिमटे, सुया, कापसाचे बोळे, जे काही टेबलावर येतं ते आधी मोजायचं आणि पोट शिवून बंद करायच्या आधी पुन्हा मोजायचं, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती हेच करत होती. सवय अशी लागली होती, की घरी जेवायला बसली तरी चमचे मोजायची. नवरा म्हणायचा, "अगं, माझ्या पोटात काही राहिलं नाहीये, जेव आता." तर ती मोजणीताई. आणि स्टोअरकीपर ते शास्त्रीबुवा, कारण त्यांच्या टेबलाच्या खणात स्वप्नांचे अर्थ सांगणारं एक पुस्तक असायचं. पुस्तकाची पुढची पानं गळून गेलेली, मागची उंदरांनी खाल्लेली. मधल्या पानांच्या जोरावर बुवांनी अख्ख्या हॉस्पिटलला भविष्य सांगून ठेवलं होतं.

"काय पडलं?" बुवांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या. माझ्या खोलीत. आणि माझ्या हातात भाला दिला."

"भाला?"

"एवढा मोठा, की दारातून तिरका करून आणावा लागला त्यांना."

बुवांनी थुंकी लावून पानं उलटली. भाला म्हणजे जुनं, लांबून चालत आलेलं वैर. शस्त्र देणारा माणूस मनात काहीतरी धरून आहे. असं त्यात छापलेलं होतं म्हणे.

आता हे तिच्या नेमकं वर्मी लागायचं कारण होतं. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा मोठ्या जावेनं त्यांचं सगळं केलं होतं. सासूबाई गेल्या त्या घटकेला मोजणीताई कोणा परक्या माणसाच्या ऑपरेशनला उभी होती. चार माणसांत जाऊ म्हणाली होती, "परक्यांचं रक्त पुसते, पण घरच्या माणसाच्या तोंडात पाण्याचा घोट घालायला ही नाही." त्या दिवसापासून दोन वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या, ती खाली, ही वर, आणि बोलणं म्हणाल तर गॅस संपला, पाणी आलं, इतकंच.

आणि तीच जाऊ परवा, म्हणजे सोमवारी, हिच्या टेबलावर होती. पोटात गाठ निघाली, काढायचं ठरलं. तेव्हा जाऊ डॉक्टरांना म्हणाली, "आमची धाकटी आत असेल तरच मी झोपेन. नाहीतर मला नको तुमचं ऑपरेशन." मोजणीताईनं हे ऐकलं आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं तोंडावर पाणी मारत बसली. दोन वर्षांनी कोणीतरी तिला घरचं माणूस म्हटलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, गाठ साधी निघाली, मोजणी बरोबर आली. मग आता हा भाला कुठून आला?

बुधवारी तिची सकाळची पाळी तीनला सुटली. घरी येऊन ती पडदे ओढून आडवी झाली. दुपारी घरात कोणी नसायचं. पंखा एका फेरीत एकदा टक् वाजायचा, बाहेर कुठेतरी कुणी कपडे आपटत होतं. डोळा लागला न लागला तोच दार उघडलं. जाऊ आत आली. अंगात ऑपरेशनच्या पेशंटला घालतात तो हिरवा झगा, पाय अनवाणी, डोळे मिटलेले. खोलीत स्पिरिटचा वास पसरला. ती पलंगाजवळ आली, आणि तिच्या हातात या वेळी तलवार होती.

तलवारीचं सोडा. मोजणीताईच्या अंगावर काटा आला तो देण्याच्या पद्धतीनं. टेबलावर अवजार कसं देतात, तर मूठ पुढे करून, समोरच्याच्या तळहातावर चापट बसल्यासारखं, म्हणजे डॉक्टरांना मान वळवून बघावं लागत नाही. हे शिकायला नव्या सिस्टरला सहा महिने लागतात. जावेनं तलवार अगदी तशीच दिली. मूठ पुढे, तळहातावर चट्. आणि ती मागे वळली.

गुरुवारी खंजीर. शुक्रवारी सुरा. वेळ तीच, वास तोच, रोज थोडा अधिक उग्र. शुक्रवारी जाग आली तेव्हा उशीच्या अभ्र्याला स्पिरिटचा वास येत होता. तिनं अभ्रा काढला, धुतला, वाळत घातला आणि स्वतःलाच समजावलं, की अगं बाई, दिवसभर त्यातच तर वावरतेस, वास येणार नाही तर काय होईल?

शास्त्रीबुवांची मात्र कळी खुलली होती. इतकं शिस्तीत येणारं स्वप्न त्यांना उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. तलवार म्हणजे मानाचा प्रश्न. खंजीर म्हणजे घरातलं माणूस दगा देणार. सुरा म्हणजे नातं तुटणार, तेही कायमचं. सगळं कसं पुस्तकात जिथल्या तिथे.

"सांभाळून राहा हो," ते हळूच म्हणाले. "आजारी माणसाचं मन फार वाईट. तिच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे."

शहाण्या बाईनं हे हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण मनात आधीच खुपत असलेलं काही असलं, की असल्या बोलण्याला लगेच जागा मिळते. मंगळवारी, बुधवारी ती जावेला बघायला बायकांच्या वॉर्डात गेली होती. गुरुवारी गेली नाही. शुक्रवारी वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. दारात वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर उभ्या होत्या. नातेवाइकांना पिटाळून लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आवाज असा, की पेशंट आपोआप सरळ झोपायचे.

"काय गं, भूत पाहिलंस का? तुझ्या जावेला ताप आहे कालपासून. पोट दुखतंय म्हणते. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात. तुला विचारत होती."

"काय विचारत होती?"

"धाकटी का येत नाही, म्हणून."

मोजणीताईला वाटलं, बघ, विचारपूस नाही ही, टोमणाच आहे. किती वाकडा विचार करावा माणसानं! ती जाऊ तिकडे तापानं फणफणली होती, आणि ही इकडे एका फाटक्या पुस्तकावरून तिच्याशी मनात भांडत होती.

शनिवारी वस्तरा आला. जुन्या पद्धतीचा, मिटून ठेवायचा. चट् करून तळहातावर बसला. या वेळी जाऊ लगेच वळली नाही. मिटल्या डोळ्यांनी तशीच उभी राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता, तोकडा, थांबत थांबत.

"वहिनी... काय हवंय तुम्हाला?"

जावेची मान किंचित हलली, नाही म्हटल्यासारखी, आणि ती गेली.

संध्याकाळी मुद्दाम हॉस्पिटलात परत जाऊन तिनं शास्त्रीबुवांना स्टोअरमध्ये गाठलं तेव्हा ते एकदम खूश झाले. "अहो, लहान होत चाललंय! भाल्याचा वस्तरा झाला. म्हणजे वैर ओसरत चाललं. आणखी एक-दोन दिवस, मग काही नाही. पेढे... आपलं, चहा पाजा." तिलाही हायसं वाटलं. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "उद्या वहिनींना भेटायला जाईन म्हणते." नवरा म्हणाला, "जा. दादा आज रडत होता. ताप उतरत नाहीये."

थोरले दीर म्हणजे घरातला सगळ्यांत घट्ट माणूस. ते रडले, हे ऐकून तिनं त्या रात्री ताटांवरचे चमचे तीनदा मोजले.

रविवारी तिला सुट्टी होती. जेवणं झाली, नवरा हॉस्पिटलमध्ये भावाजवळ बसायला गेला. ती जरा टेकली. चारला निघू, असा विचार करत होती. पंखा टक् टक् करत होता, आणि मग टक् ऐकू येईनासं झालं. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता.

दार उघडलं. जाऊ आली ती भिंतीला धरून. झगा पोटापाशी मुठीत आवळलेला. स्पिरिटच्या वासाखाली आता दुसरा एक वास होता. जखम आतून बिघडली की येतो तो. एकवीस वर्षांत तो वास ओळखायला ती कधी चुकली नव्हती. जावेनं मूठ पुढे केली. मोजणीताईनं सवयीनं हात पसरला. काहीच पडलं नाही, असं वाटलं. मग तळहाताच्या मधोमध बारीकसं टोचलं.

ती उठून बसली. तळहातावर लाल ठिपका होता. डासही चावला असेल, कोणी सांगावं. पण तिच्या तोंडून शब्द निघाला, "सुई." आणि नंतर, रिकाम्या खोलीत, "अगं आई गं."

चप्पल कुठल्या पायात कुठली घातली तेही तिला कळलं नाही. हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. वाटेत ती मनाशी घोकत होती, मोजणी बरोबर होती, दहा सुया दिल्या, दहा परत आल्या, मी मोठ्यानं म्हटलं दहा, मदतनीस सिस्टरनं म्हटलं दहा. थिएटरच्या कपाटातून तिनं सोमवारची फाईल काढली. मोजणीचा कागद वर होता, तिच्याच अक्षरात. सुया: दिल्या दहा, परत दहा. सही. आणि कडेला, घाईत लिहिलेलं: एक तुटली.

ती खाली बसली. तिथेच, फरशीवर.

सोमवारी मध्येच एक सुई शिवताना तुटली होती. दोन्ही तुकडे तिनं स्पंजच्या गादीत टोचून ठेवले होते, जिथे बाकी सुया टोचतात तिथेच. तुटलेल्या सुईचे तुकडे जोडीनं लावायचे आणि एकच धरायचे, हे ती नव्या मुलींना शिकवायची. पण त्या दिवशी टेबलावर घरचं माणूस होतं, मोठे डॉक्टर म्हणाले, "चला, मोजा, बंद करू." मदतनीस सिस्टरनं गादीतले ठिपके मोजले. दहा. हिनंही तेच मोजले. आठ अख्ख्या आणि दोन तुकडे. म्हणजे सुया नऊच. दहावी सुई कुठे होती, ते आता सांगायला पुस्तक नको होतं.

खोटं कशाला बोला, त्या फरशीवर बसून तिच्या मनात दुसराही विचार येऊन गेला. हा कागद दोघींच्या सहीचा. कडेचं ते वाक्य कोण वाचणार? ताप काय, गोळ्यांनीही उतरेल. हे सांगितलं तर एकवीस वर्षं गेली पाण्यात, आणि घरात तोंड दाखवायला जागा नाही. जाऊ म्हणेल... काय म्हणेल? धाकटी आत असेल तरच झोपेन म्हणाली होती ती. एवढं आठवलं आणि मोजणीताई उठली.

मोठे डॉक्टर घरी होते. फोनवर तिनं एका दमात सगळं सांगितलं. स्वप्नाचं नव्हे, सुईचं.

"तुला कळतंय ना, तू काय बोलतेयस?"

"कळतंय, सर. एक्स-रे काढा. आत्ता."

काढला. काळ्या फिल्मवर, पोटाच्या डाव्या बाजूला, नखाच्या कोरेएवढी एक पांढरी वाकडी रेघ. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. रागावले नाहीत. रागवायला वेळच नव्हता. थिएटर उघडलं. या वेळी टेबलापाशी दुसरी सिस्टर उभी राहिली आणि मोजणीताई दाराबाहेर, इतर नातेवाइकांसारखी. थोरल्या दिरांना तिनं तिथेच सांगितलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "बस. उभी राहू नकोस. पडशील." आणि बाकावर जागा करून दिली.

सव्वा तासानं डॉक्टर बाहेर आले. बशीत सुई होती. आतड्याला लागून बसली होती, टोक रुतलं होतं, आरपार गेलं नव्हतं. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मोजणीताई तडक तळघरात गेली आणि चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून अशी रडली, की शास्त्रीबुवा रविवारचा हिशेब टाकून धावत आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी पुस्तक काढलं, उलटंसुलटं केलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "सुई नव्हतीच हो यात," ते खजील होऊन म्हणाले. "भाला, तलवार, तोफसुद्धा आहे. सुईला कोण शस्त्र म्हणणार?"

सोमवारी लेखी खुलासा द्यावा लागला. तिनं दिला, एक शब्द न लपवता. ताकीद मिळाली, पगारवाढ एका वर्षानं लांबली, आणि तुटलेल्या सुईचे तुकडे एकत्र चिकटपट्टी लावूनच ठेवायचे, असा नियम भिंतीवर लागला. नोकरी राहिली. आणि मंगळवारी सकाळी जावेचा ताप उतरला. थर्मामीटर बघून मोजणीताईनं वॉर्डातच टाळी वाजवली, तर इनचार्ज सिस्टर खेकसल्या, "हे नाट्यगृह आहे का?" पण त्याही हसत होत्या. कित्येक दिवसांनी मोजणीताई दुपारी गाढ झोपली. कोणी आलं नाही.

बुधवारी ती सूप घेऊन वॉर्डात गेली. जाऊ उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. सुईचं सगळं तिला आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "चूक झाली ती झाली. सांगितलंस ना? मी असते तर सांगितलं असतं की नाही, देव जाणे." आणि मग, "सासूबाईंच्या वेळी मी फार बोलले तुला." दोघी रडल्या होत्या. आता रडणं संपलं होतं, सूप गरम होतं, मीठ कमी म्हणून जावेनं नाक मुरडलं. म्हणजे बाई बरी झाली.

"हो गं," दोन चमचे झाल्यावर ती म्हणाली, "ती तुमच्यातली उंच बाई कुठं गेली?"

"कोण उंच?"

"हिरव्या कपड्यातली. तोंड बांधलेली. हात असे कोपरातून वर धरलेले, धुऊन आल्यासारखे, पाणी ठिबकायचं. रोज दुपारी यायची माझ्याकडे. हातात काहीतरी द्यायची... तापात नीट दिसायचं नाही. असं चट्कन तळव्यावर मारायची बाई, झोंबायचं. आणि म्हणायची, पुढे दे."

मोजणीताईच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. जावेला तिनं स्वप्नाचं काही, काही म्हणजे काहीच सांगितलेलं नव्हतं.

"कोणाला पुढे दे?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली... मोजणारीला." जावेनं वाटी पुढे केली. "घाल ना अजून थोडं. चांगली असेल गं, मला कधी भीती नाही वाटली तिची. रविवारनंतर नाही आली माझ्याकडे. मघाशी डोळा लागला तेव्हा त्या खाटेपाशी उभी होती."

शेजारची खाट रिकामी होती. गादीवर नुकतीच बदललेली पांढरी चादर, घडी मोडलेली नाही.

"तिथे कोणी नाहीये, वहिनी."

"तेच तर. कोणी नव्हतं, तरी उभी होती. हातात बाई एवढं मोठं काहीतरी... छताला टेकलेलं."

मोजणीताईनं सूप वाढलं, वाटी जावेच्या हातात नीट दिली आणि मग इनचार्ज सिस्टरांच्या टेबलाकडे गेली. सुई म्हणजे शेवट, भाला म्हणजे अजून वेळ आहे, असं ती स्वतःला सांगत होती. आता तिला अर्थ माहीत होता, आणि त्या माहितीचा धीरही वाटत होता.

"सिस्टर, त्या खाटेवर कोण येणार आहे?"

इनचार्ज सिस्टर काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. तो आवाज, ज्यानं पेशंट सरळ झोपायचे, एकदम लहान झाला.

"मीच. पुढच्या गुरुवारी. कुणाला बोलले नाहीये अजून." त्या ओशाळं हसल्या. "तू असशील ना गं आत?"

"असेन," मोजणीताई म्हणाली. "तुम्ही निवांत झोपा. मी आहे."

मागे झाडूवाली मावशी त्या रिकाम्या खाटेपाशी उकिडवी बसून फरशी पुसत होती. कुरकुरत होती स्वतःशीच, की सकाळपासून हे तिसऱ्यांदा, वर नळ नाही, छत कोरडं ठणठणीत, आणि हे थेंब इथेच बरे पडतात.